लेफचा चेहरा

नॉर्डवीक, मिनेसोटा
१२ सप्टेंबर १९७८

ती. बोर्गहिल्डताईस,
तोरलेफचा सा. न. वि. वि.

लेफ आत्ता हवेत लटकतो आहे. क्रेनवाला जेवायला गेला आणि त्याला तसाच ठेवून गेला. मी बागेतल्या बाकावर बसून लिहितो आहे. लेफचे बूट माझ्या डोक्याच्या जरा वर आहेत आणि हात अजून पुढे रोखलेला आहे. वाऱ्याने तो हळूहळू फिरतो. घटकेत सरोवर दाखवतो, घटकेत कपड्यांचं दुकान.

पुतळ्याच्या घोट्याला चीर गेली, म्हणून खाली घेतला. नगरपालिकेच्या गॅरेजमध्ये डागडुजी होईल आणि समुद्र ओलांडून सगळ्यांआधी अमेरिकेला पोचलेल्या आपल्या या पूर्वजाच्या, लेफच्या दिवशी, नऊ ऑक्टोबरला, समारंभ. हात घातलाच आहे तर आमच्या नॉर्वेजियन मंडळाने आणखी एक ठरवलं: ज्याच्या चेहऱ्यावरून लेफ घडवला, त्या एंगेब्रेत नेसहाइमच्या नावाची पाटी चौथऱ्यावर बसवायची. बिचारा मरेपर्यंत 'मी नव्हे' म्हणत राहिला. एवढा विनय आता कुठे मिळतो? त्याच्या बायकोला, आस्लाउगबाईंना, अजून बोललो नाही. पुढच्या सभेत सांगू.

तू ये. माहेरी येतेस, आईच्या कबरीवर जातेस, पण या बागेत पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस. नाताळात तू नाचलीस त्याचा फोटो आमच्याकडे आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा तोरलेफ


टकोमा
१७ सप्टेंबर

चि. तोरलेफ यास बोर्गहिल्डचे अ. उ. आ.

माझ्या हनुवटीखाली एंगेब्रेतचं नाव वाचायला मी एवढा प्रवास करून येणार नाही.

हो, माझ्या. उभा असशील तर बस.

तू तेव्हा लहान होतास. मंडळाने लेफ्से, म्हणजे आपल्या बटाट्याच्या पोळ्या, आणि माशांची जेवणं घालून घालून वर्गणी जमवली आणि शिकागोहून बर्तोली नावाचा शिल्पकार आणला. त्याला आपल्या लोकांतला चेहरा हवा होता. सभागृहात त्याने एकेका तरण्याताठ्या माणसाला विचारलं. जो तो म्हणाला, छे, मी कसला! एंगेब्रेतही म्हणाला. आपल्याकडे पहिलं 'नाही' सभ्यपणाचं, दुसरं लाजेचं, तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खुर्ची ओढून बसतो. शिकागोच्या माणसाला हे कोण सांगणार? त्याने प्रत्येकाला एकदाच विचारलं, टोपी घातली आणि बाहेर पडला. दिवे मालवेपर्यंत सगळे वाट बघत बसले होते म्हणे.

मी मागच्या दारी पोतंभर बटाटे सोलत होते. त्याने मला विचारलं आणि मी हो म्हणाले. बटाट्यांतून सुटका होणार असती तर मी देवमासाही झाले असते. होड्यांच्या शेडमध्ये बाबांचे बूट घालून आठवडाभर उभी राहिले. दाढी त्याने नंतर मातीने चिकटवली. नाकाला मात्र हात लावला नाही. म्हणाला, असं नाक असलं की माणूस समुद्र ओलांडतोच.

बाबांनी बजावलं की बाहेर बोलायचं नाही, लोक म्हणतील पोरगी मिरवते. नाही मिरवले. गावाने आपणच एंगेब्रेतचं नाव धरलं आणि त्याचं 'मी नव्हे' सभ्यपणाचं समजलं. पण बागेत गेले तर तोंडून निघेल, म्हणून जाणंच सोडलं. आता मला गप्प राहण्याचा कंटाळा आला आहे. त्या चौथऱ्यावर माझं नाव हवं. सभेत सांग. सांगितलंस तर येते.

भावजयीला आशीर्वाद. माया कमी नाही, राग तेवढा आहे.
बोर्गहिल्ड


नॉर्डवीक
२४ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

पत्र खिशात घालून तडक गॅरेजमध्ये गेलो. लेफ जुन्या टायरांवर उताणा पडला आहे. मी त्याच्या दाढीवर माझी टोपी ठेवली. तूच होतीस, ताई. मी तुझी सायकल न विचारता नेली होती, तेव्हाची तू.

पण हे बोलायचं कसं? दुसऱ्या कोणाची बहीण असती तर उभा राहून सांगितलं असतं. आपल्याच घरचा मोठेपणा आपणच सांगायचा? अध्यक्ष ओडेगार्डच्या घरी जाऊन आलो. हवेबद्दल बोललो, माशांबद्दल बोललो आणि पिशवीभर टोमॅटो घेऊन परत आलो.

शिवाय आस्लाउगबाई आहेत. एंगेब्रेत गेल्यापासून त्या रोज बागेतल्या बाकावर येऊन बसतात. मला वाटतं, त्याच्याजवळच बसतात. ते मी कसं काढून घेऊ? तूच सांग.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तोरलेफ


टकोमा
२८ सप्टेंबर

चि. तोरलेफ,
अ. उ. आ.

सांगू नकोस. आस्लाउगचा मला विसरच पडला होता. तिला तिचा नवरा राहू दे. माझं नाक मला आरशात रोज दिसतं, तेवढं पुरे.

समारंभाला मात्र येणार नाही. टाळ्या वाजवण्याइतकी मी चांगली नाही. मोजे पाठवते आहे. पाय कोरडे ठेव आणि या म्हाताऱ्या बहिणीला मनातून काढू नकोस.
बोर्गहिल्ड


नॉर्डवीक
२ ऑक्टोबर

ती. ताईस,
तोरलेफचा सा. न. वि. वि.

तुझं ऐकून मी गप्प बसणार होतो. आज दुपारी सभा झाली. ओडेगार्डने पाटीचं जाहीर केलं, टाळ्या पडल्या आणि आस्लाउगबाई उठल्या. आभार मानतील असं वाटून सगळे आधीच लाजले होते.

त्या म्हणाल्या, ही पाटी लागणार नाही. माझा माणूस तुम्हा प्रत्येकाला तोंडावर सांगत होता की तो मी नव्हे. पाद्रीबाबांना सांगितलं, शेवटी दवाखान्यातल्या नर्सलाही सांगितलं. तुम्ही हसून त्याची पाठ थोपटलीत. आजवर त्याला हसत हसत खोटं पाडलंत, आता ब्राँझमध्ये पाडायचं आहे का? तो खोटं बोलत नव्हता, एवढं एकदा तरी कोणी म्हणा.

मग मी उभा राहिलो आणि म्हणालो, एंगेब्रेत खरं बोलत होता. कशावरून, असं ओडेगार्डने विचारलं. मी सगळं सांगितलं, बटाट्यांसकट. माझे कान असे तापले होते की त्यांच्यावर कॉफी झाली असती.

ओडेगार्ड म्हणाला, तरीच! हा लेफ आपल्याकडे कायम असा बघायचा, जणू आपण चिखलाचे बूट घेऊन स्वयंपाकघरात शिरलोय. मग हसू फुटलं ते आवरेना. म्हातारा स्टाइनार पुन्हा पुन्हा विचारत होता की दाढी तरी खरी आहे ना. तुझं नाव एकमताने मंजूर झालं. एंगेब्रेत खरं सांगत होता, अशी नोंदही आस्लाउगबाईंनी करून घेतली.

बाहेर पडताना मी त्यांना बाकाचं विचारलं. म्हणाल्या, तिथून होड्या दिसतात. त्या दाढीवाल्याशी माझं काय देणंघेणं?

आता येणं तुला चुकणार नाही. आम्ही सगळे वाट बघतो आहोत, मोजे घालून.
तुझा तोरलेफ

ता. क. ३ ऑक्टोबर. आज सकाळी आस्लाउगबाई घरी आल्या होत्या. त्यांनी माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. तू आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे उतरायचं आहेस.