मागचा दिवा कुठे लावावा

ती. नलूताई यांस,

चिंचपोकळीहून राजारामाचा वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तेवढाच, बाकीचा तुम्ही समजून घ्या). तुमचा कान कसा आहे? थेंब घालता, की बाटली फळीवर ठेवून नुसती तिच्याकडे बघता? साडूभाऊंचा खोकला, यंदाचे काजू, व्यायला आलेली म्हैस, सगळ्यांचं क्षेम कळवा. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलवत नाही, म्हणून कागद घेतला. वैभव शुक्रवारी कुडाळला येतोय, त्याच्या हाती देतो.

तुमची धाकटी बहीण जाऊन दोन महिने झाले. या दोन महिन्यांत तुम्ही काय केलंत, असं कुणी विचारलं तर सांगतो, सायकलला मागचा दिवा लावला. म्हणजे अजून लावतोच आहे. तुम्हाला ठाऊक आहे, हिंदमाताच्या दुकानातून साड्या मी सायकलवरून आणायच्या, मंजुळाने त्यांना फॉल लावायचे आणि मी परत नेऊन द्यायचे, अशी आमची तीस वर्षांची गिरणी (खरी बंद पडली, ही मात्र चालली). शेवटच्या खेपेतली एक साडी अजून घरात आहे. मेघना म्हणून कुणी मुलगी आहे, तिची लग्नातली, गर्द हिरवी. लग्न बावीस तारखेला. दुकानाचे शेठ रोज फोन करतात. पण वैभवने बजावलंय, आई गेली ती गेली, आता तुम्ही कुणाच्या चाकाखाली जाऊ नका, मागे लाल दिवा लागल्याशिवाय सायकल काढायची नाही. मी शेठना तेच ऐकवतो. ते म्हणतात, मग चालत या. हिंदमाता काही विलायतेत नाही हे मलाही कळतं, पण गुडघ्याला पटत नाही.

दिवा वैभवनेच आणला. सुपारीएवढा, पण उघडझाप अशी करतो की बघणाऱ्याला घेरी यावी. चाळीखाली सायकली दुरुस्त करणारा लवू आहे, त्याने तो सीटखालच्या दांड्यावर बसवला. मी म्हटलं, अरे, कॅरिअरवर साड्यांचा गठ्ठा आला की हा झाकला जाणार. मग कॅरिअरच्या टोकाला लावला. आता मी उतरतो ते पाय मागून टाकून (या वयात सवय बदलत नाही), पहिल्याच तालमीत दिव्याला लाथ बसली आणि तो गटारात. काढून धुतला तर पेटलेलाच होता. मग मडगार्डवर लावला. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या हितेंद्रचं म्हणणं पडलं, इतक्या खाली बसवाल्याला काय दिसणार? म्हणून वैभवनेच आणलेल्या हेल्मेटच्या मागे चिकटवला. पण पूल चढताना माझी मान खाली जाते आणि दिवा आभाळाकडे बघतो. लवू म्हणाला, "काका, बसवाल्याला नाय दिसणार, पण विमान नक्की थांबेल." त्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही.

शेवटी तो कमरेच्या पट्ट्याला मागच्या बाजूने अडकवला आणि इथेच घात झाला. त्याच दिवशी मंजुळाचं दुसऱ्या महिन्याचं श्राद्ध. धोतर नेसलो, ते सुटू नये म्हणून वरून तोच पट्टा आवळला आणि दिवा काढायचा विसरलो. पिंडाला नमस्कार करायला वाकलो तसं बटण दाबलं गेलं आणि मागे बसलेल्या मंडळींपुढे लाल उघडझाप सुरू. भटजींचा मंत्र अडला. कुणी हसेना, कुणी रडेना. वैभवने पुढे सरकून हळूच बटण दाबलं. मला हसू फुटलं, नलूताई. आणि हे जिला सांगून हसायचं तिचाच फोटो समोर, हार घातलेला. मग मात्र मी रडलो, दोन महिन्यांत पहिल्यांदा. लोकांना वाटलं, दिव्याची लाज वाटली.

एक गोष्ट मात्र शिकलो. मागचा दिवा पेटलाय की विझलाय हे चालवणाऱ्याला कधीच कळत नाही. मागे कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं. मी संध्याकाळी निघालो की मंजुळा गॅलरीत उभी राहायची, नाक्यावर वळेपर्यंत आत जायची नाही. तेव्हा दिवा नव्हता.

असो. साडूभाऊंना नमस्कार सांगा आणि कानाची हयगय करू नका.

आपला,
राजाराम

ता. क. : लवूने दिवा पहिल्याच दिवशी बरोबर बसवला होता. एकच साडी न्यायची तर सीटखालचा दिवा झाकला जात नाही, आणि गठ्ठा आता कुठला यायला? बाकीच्या जागा मीच काढत बसलो. शेठना, वैभवला, सगळ्यांना दिव्याचं सांगितलं. खरं असं आहे की साडीला फॉल अर्धाच लागलाय. चहा टाकून येते, म्हणून मंजुळाने सुई टोचून ठेवली, ती अजून तिथेच आहे.

पुन्हा ता. क. : साडी वैभवच्या पिशवीत आहे. शेजारणी पुरा करून देतो म्हणाल्या, मी नको म्हटलं. टाका तिला तुम्ही शिकवलात, दोघींचा हात एकच. तेवढा फॉल पुरा करून रविवारी त्याच्याबरोबरच परत पाठवा, त्या मुलीचं लग्न आमच्यापायी अडायला नको. सुईत तिने ओवलेला दोरा वीतभर उरलाय. आधी तो संपवा, मग तुमचा घ्या. तिचा कुठे संपला, ते मला सांगू नका.