अब्बा, ती बाई बराबर पोचली

अब्बा, आज माझी सुट्टी आहे. धुणं वाळत घातलंय, अम्मी शेजारणीकडे गप्पा मारायला गेलीय आणि घरात कधी नव्हे ती शांतता आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आपण घरात कधी मराठीत बोललो नाही, पण मी शिकले मराठी शाळेत, त्यामुळे बोलायचं तुमच्याशी असलं तरी लिहायला घेतलं की हात मराठीतच चालतो. तुम्हाला मराठी वाचता यायचं, पण दुकानाच्या पाट्या वाचल्यासारखं, एकेक अक्षर सुटं करून. तर हळूहळू वाचा. घाई नाही.

सांगायची आहे ती गोष्ट मागच्याच महिन्यातली, पण तिच्याआधी बदनापूरच्या दुकानातली एक सकाळ सांगावी लागेल. तुम्हाला ती आठवत असेल असं मला वाटत नाही. तुम्ही असल्या गोष्टी करायचात आणि पुढचं कापड हातात घ्यायचात. मी मात्र विसरले नाही, कारण त्या दिवशी मला तुमचा भयंकर राग आला होता.

मी चौथीत होते. रमजानचे शेवटचे रोजे, ईद चार दिवसांवर. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आपलं दुकान, पुढे मशीन आणि पडद्यामागे घर. मशीनच्या दोन्ही बाजूंना लोकांच्या कपड्यांचे ढीग, आणि त्या सगळ्यांना बाजूला सारून तुम्ही त्या दिवशी माझा झगा शिवायला घेतलेला. मोरपंखी कापड, खाली तीन बोटं रुंद झालर. झालरीचं कापड तेवढं कापायचं राहिलेलं. मी मशीनला टेकून उभी आहे, शाळेची वेळ झाली तरी हलत नाही. तेवढ्यात बाहेर जीप थांबते, आरडाओरडा होतो, आणि एक मुलगी पाठ भिंतीला घासत घासत, खेकड्यासारखी तिरकी चालत आपल्या दुकानात शिरते. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. जीपच्या मागच्या दाराचा पत्रा तिच्या कमीजला लागला होता आणि पाठ पार कमरेपर्यंत उघडी पडली होती. ओढणीनं झाकायचा प्रयत्न करत होती आणि रडत होती. मागून जीपवाला दुकानाच्या पायरीवर येऊन उभा. "माझी काय चुकी? रोज इतके लोक उतरतेत, कोणाचं फाटत न्हाई. सांभाळून उतरावं ना!"

तुम्ही त्याच्याकडे पाहिलंही नाही. मुलीला विचारलंत, "कुठं जायचं, बेटा?"

"जालन्याला. नर्सिंगची मुलाखत हाय. अकराला." ती म्हणाली.

अम्मीनं तिला पडद्यामागे नेलं, स्वतःची चादर पांघरायला दिली आणि फाटलेलं कमीज बाहेर पाठवलं. तुम्ही ते उजेडात धरलंत. नुसती शिलाई मारून भागणार नव्हतं, कापडच ओरबाडून गेलं होतं. तुम्ही कतरणीची पिशवी उलटी केलीत, एकेक तुकडा लावून पाहिलात. एकही रंग जुळेना. मग तुमची नजर माझ्या झालरीच्या कापडाकडे गेली, आणि मला ती कळली. "वो मेरा है!" मी ओरडले. "उसकू कायकू देते?" तुम्ही कात्री उचललीत. मी हात आडवा घातला. तुम्ही मला कधी मारलं नाही, त्या दिवशीही नाही, पण तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "तेरी ईद चार दिन बाद है. उसकी आज है. जा, पानी पिला उसकू."

मी पाणी नेलं. पेला तिच्यासमोर आदळून ठेवला. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुझं कापड ना ते?" मी तशीच पाठ फिरवून बाहेर आले.

तुमचं शिवून झालं तेव्हा तो तुकडा ठिगळ वाटतच नव्हता. पाठीवर वरपासून खालपर्यंत एक सरळ पट्टी, जणू मुळात तशीच नक्षी. पण ती कमीज घालून बाहेर येते न येते तोच स्टेशनातून तिच्या पॅसेंजरची शिट्टी झाली आणि गाडी निघून गेली. ती मुलगी जागच्या जागी खाली बसली. आणि मग तो जीपवाला, जो इतका वेळ पायरीवर उभा राहून कधी कात्रीकडे तर कधी माझ्या रडक्या तोंडाकडे पाहत होता, एकदम म्हणाला, "चला ताई, उठा. मी सोडतो जालन्याला." जीपमध्ये परतीचं गिऱ्हाईक बसलं होतं. त्यांना म्हणाला, "ज्याला घाई हाय त्यानं दुसरी गाडी पकडा, मी जाऊन आलो." दोन बायांची तीच पॅसेंजर चुकली होती, त्याही मुलीच्या सोबतीला चढल्या. जीप गेली. त्या मुलीला प्रवेश मिळाला की नाही, आपल्याला कधीच कळलं नाही. मी पुढे कितीदा तरी विचारलं, तेव्हा तुम्ही दर वेळी एवढंच म्हणालात, "पहुँच गई होगी."

त्याच संध्याकाळी समोरच्या दूधवाल्या मावशी आल्या. त्यांचे सासरे मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. मावशींच्या काळात घर एका जागी टेकलं, म्हशी आल्या. त्यांनी सकाळचं सगळं आपल्या दारातून पाहिलं होतं. पदराखालून त्यांनी जरीचा काठ काढला. "पोरीच्या झग्याला लावा, मास्तर. माझ्या लग्नातल्या लुगड्याचा हाय. पेटीत पडून कसर लागून राह्यली त्याला." मग त्या ईदेला मोरपंखी झग्याखाली जरीचा काठ लावून मी गल्लीभर मिरवले, आणि सगळ्या मैत्रिणी विचारत होत्या, कुठून आणला. इतकं होऊनही मी तुम्हाला माफ केलं नाही. लोक म्हणायचे, मास्तर भोळा माणूस आहे, आणि मला ते शिवीसारखं लागायचं. आपण असं व्हायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

तुम्ही गेल्यावर चाळिसाव्या दिवशी तो जीपवाला आला होता. केस पांढरे, मी ओळखलं नाही. त्यानंच सांगितलं, त्या दिवशी जालन्याहून परत आल्यावर त्यानं हातोडा घेतला, आपल्या जीपच्या दाराचा पत्रा ठोकून आत वळवला आणि मग स्टँडवरच्या बाकीच्या जीपांचेही ठोकले. दुसरे ड्रायव्हर हसले म्हणे. "हसू द्या म्हणलं. मास्तरनं लेकराचं कापड कापलं, मला पत्रा तरी ठोकता येतो ना." मी त्याला चहा दिला.

आता माझं ऐका. तुम्ही गेल्यानंतर दोन वर्षांनी मला नोकरी लागली. मी बसमध्ये कंडक्टर आहे, अब्बा! जालना, अंबड, घनसावंगी आणि परत. आणि कडक कंडक्टर आहे. दारात उभं राहू देत नाही, सामान आडवं ठेवू देत नाही, कॉलेजची पोरं मला घाबरतात. भोळं म्हणायची कोणाची हिंमत नाही.

मागच्या महिन्यात दुपारच्या गाडीला खच्चून गर्दी होती. तिकिटं काढत मागे पोचेपर्यंत अंबड मागे पडलं होतं. शेवटच्या सीटसमोर, खाली, एक बाई बसलेली. दोन लेकरं, एक बोचकं आणि एका बादलीत सगळा संसार. कुठे जायचं विचारलं तर म्हणाली, "फैक्टरी." कोणती? "लोहे वाली." आजूबाजूचे हसायला लागले. लोखंडाचे कारखाने राहिले मागे जालन्याला आणि ही निघाली घनसावंगीला. पार बिहारमधून आली होती, नवरा कारखान्यात कामाला, तो स्टेशनवर भेटला नाही, हिला कोणीतरी बस दाखवली आणि ही चढली. मी तिला झापलं, चढण्याआधी विचारता येत नाही का म्हणून. मग घंटी मारली. गाडी एका फाट्यावर थांबली. तिथे एक लिंबाचं झाड आणि एक बंद टपरी, बाकी काही नाही. "उतरो. सामने से जालना की गाडी आयेगी," मी म्हणाले. पुढच्या सीटवरच्या आजी ओरडल्या, "उतरवा जल्दी! माझी म्हैस खोळंबून राह्यली घरी!"

ती बाई बोचकं उचलायला लागली. तेवढ्यात खिडकीजवळून एक मुलगी उठली. कॉलेजची, बारीकशी, हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक. "थांबा मॅडम, मी उतरते यांच्यासंगं. गाडी आली की बसवून देते."

"अगं, तुला आपल्या मागची गाडी दीड तासानं आहे."

"मंग काय झालं? पुस्तक हाय ना माझ्याकडं." असं म्हणून तिनं बादली उचललीसुद्धा.

अब्बा, आपल्या पायरीवर उभ्या असलेल्या त्या जीपवाल्याला काय झालं असेल ते मला त्या क्षणी कळलं. मी तिच्या हातातून बादली काढून घेतली. "कोणी उतरायचं नाही. बस खाली." दोन घंट्या मारल्या. बाईला सांगितलं, घनसावंगीला माझ्याबरोबर चल, याच गाडीनं परत जालन्याला सोडते.

आणि मग जी गंमत सुरू झाली! इतका वेळ हसणारी सगळी गाडी कामाला लागली. तिच्याकडच्या कागदावर नवऱ्याचा नंबर होता, चौघांनी चार फोनवरून लावला, कोणी उचलेना. कारखान्याचं नाव तिला माहीत नव्हतं. नवऱ्यानं एवढंच सांगितलेलं, की गेटसमोर मंदिर आहे आणि पाण्याची लाल टाकी. त्यावर अर्ध्या गाडीत वाद. एक म्हणतो टाकी निळी हाय, दुसरा म्हणतो तुला दिसतं का नीट. शेवटी मधल्या सीटवरचा एक शेतकरी उठून उभा राहिला. "लाल टाकी? आरं, ती माझ्या मेव्हण्याच्या कारखान्यापाशी हाय!" त्यानं मेव्हण्याला फोन लावला आणि इतक्या मोठ्यानं बोलला, की फोनशिवायही ऐकू गेलं असतं. मेव्हणा चौकशीला धावला. तोवर म्हशीवाल्या आजींनी धाकट्या लेकराला मांडीवर घेतलं होतं आणि भाकरीला गूळ लावून भरवत होत्या. "वाळून गेलं बाई लेकरू. कधी निघाली गं घरून?" बाईला मराठी येत नाही, आजींना हिंदी येत नाही, पण आजी उतरेपर्यंत दोघी बोलत होत्या. आमचा ड्रायव्हर फार कमी बोलणारा माणूस. घनसावंगीला गाडी लागल्यावर त्यानं काही न बोलता आपला डबा आणून मोठ्या मुलासमोर उघडला आणि स्वतः चहावर भागवलं.

परतीला अंबडच्या अलीकडे त्या मेव्हण्याचा मला फोन आला. नवरा सापडला. सकाळी तो स्टेशनवर गेलाच होता, पण यांची गाडी उशिरा आली, आणि पाळी चुकू नये म्हणून त्याला परतावं लागलं. भट्टीजवळ फोन नेता येत नाही. जालन्याच्या स्टँडवर तो आणि त्याचे तीन सोबती कामाच्या कपड्यांतच उभे होते, तोंडं काळी ठिक्कर. तो धावत आला, त्यानं धाकट्याला उचललं, आणि लेकरानं बापाचं ते काळं तोंड बघून असा भोंगा पसरला की अख्खा स्टँड हसला. बाईही हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. जाताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला. तुमच्यासारखं "पोचली असेल" म्हणायची वेळ माझ्यावर आली नाही. ही बराबर पोचली, मी डोळ्यांनी पाहिलं.

त्यानंतर त्या गाडीवर काय चाललंय, विचारू नका. आठवडाभर जो चढेल तो आधी विचारायचा, "ती बाई पोचली का?" आमचा मुका ड्रायव्हर आता जालन्याहून निघण्याआधी मागे वळून हिंदीत ओरडतो, ही गाडी कुठे जाते ते. आणि म्हशीवाल्या आजींनी तर चौकशीचं खातंच उघडलंय. अनोळखी चेहरा दिसला की, "कुठं जायचं? बराबर गाडीत बसलास ना?" लोक वैतागतात. परवा एका बॅगवाल्या साहेबांना विचारलं. ते चिडून म्हणाले, "आजी, मी शिकलेला माणूस आहे." आजी म्हणाल्या, "ते बरं केलं, पण जायचं कुठं?" त्यांना जायचं होतं भोकरदनला. घाईघाईनं उतरले, आणि खाली उभं राहून आजींना हात जोडले. आजी पुढे घनसावंगीपर्यंत त्याच आनंदात होत्या.

अब्बा, हे पत्र कुठे जाणार नाही, मला माहीत आहे. अम्मी यायच्या आत घडी करून ठेवून देईन. म्हणून शेवटी एक कबूल करते. डेपोत ही गोष्ट सगळ्यांना कळली, पण अर्धीच. त्यांना वाटतं, सगळं मीच सुरू केलं. मला शाल दिली, हार घातला, एका साहेबांनी भाषणात तुमच्या संस्कारांचंही नाव काढलं. त्या फाट्यावर मी बाईला उतरवत होते आणि सुरुवात त्या कॉलेजच्या मुलीनं केली, हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. ती मुलगी अजूनही रोज गाडीला असते, पुस्तक उघडून, खिडकीपाशी. माझ्याकडे पाहून हसते, कोणाला काही सांगत नाही. सांगायला मलाच हवं. सांगेन. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोक मला भोळी म्हणतायत, आणि ते किती गोड लागतंय म्हणून सांगू! अजून दोन दिवस राहू द्या. मंग सांगते.