उत्तमचं ताट

शिरपूर, वैशाख शके १८७०

प्रिय उत्तम,

तुझं रागाचं पत्र पोचलं. पोहरादेवीच्या जत्रेत पटकीची साथ उठली म्हणून तू मुंबईच्या प्रयोगशाळेतून औषधाच्या कुप्या धाडल्यास आणि मायनं त्या चुलीवर उकळल्या, हे मी कळवताच तुझं पित्त खवळलं. पण पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही, अशी शपथ तिला कोणी घातली होती? कुपीत तिला पाणीच दिसलं. उकळलं, तुळशीचं पान टाकलं आणि "माह्या पोरानं धाडलं" म्हणत मळ्यातल्या बायांना घोट घोट पाजलं.

तू लिहितोस, त्या कुपीत पटकीच्या जंतूला होणारा रोग होता, तो उकळून मेला. जंतूलाही रोग होतो हे वाचून बरं वाटलं. म्हणे तो जंतूला चिकटतो, आत शिरतो, मग जंतूच्या कातडीतून होणारी अन्नाची ये-जा बिघडते. काही आत येईनासं होतं, काही बाहेर गळतं, आणि जे येतं तेही जंतूच्या अंगी न लागता आत शिरलेल्या त्या पाहुण्याची पिल्लं पोसतं. तू त्याचाच शोध लावून राह्यला. लाव बापा. जंतूनं काय खाल्लं, कुठं गेलं, सारं तुला ठाऊक. माय काय खाते, हे एका ओळीत विचारलंस?

मी सांगते. तू गेल्यापासून ती आपल्या ताटाशेजारी तुझं ताट मांडते. भाकर, वांग्याची भाजी, वर तूप. "पोट्टं तिकडं काय खाऊन राह्यलं असन, कोणाले ठाव," म्हणते, आणि तिचा घास हातातच राहतो. मी रोज भांडते, "माय, कायले तूप नासवतं?" तर म्हणते, "तुले काय करा लागते?" शेवटी ते ताट आपला गडी नथ्थू चाटूनपुसून संपवतो. तो फुगला, माय वाळली. तुझ्या जंतूचा पाहुणा आत शिरून तरी खातो. आमचा मुंबईत बसून घर खातो.

तुला नुसतं सुनवायला हे लिहिलं नाही. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तू तिला लावलेला 'अडाणी' शब्द गाळला, तरी तिला कळला. काल संध्याकाळी तिनं एकच ताट वाढलं, माझं. तुझं नाही, तिचंही नाही. आज सकाळी मीच तुझं ताट मांडून तिच्यापुढं बसले. तिनं मान फिरवली. मिळेल त्या गाडीनं निघ. तूप मी कढवून ठेवलंय.

तुझीच,
मनकर्णाताई