भाऊजींच्या गिटारचा नट

मंगळवार, ४ मार्च

प्रिय ताई,

कशी आहेस हे विचारत नाही. तापाने फणफणत असलीस तरी तू ‘बरी आहे’ असंच लिहिशील. मी ठीक. चष्म्याचा नंबर वाढला, दुकानाच्या शटरला रंग दिला, बाकी सगळं जैसे थे. पत्र तुझ्या वाचनालयाच्या पत्त्यावर टाकतेय, कारण घरी फोन लावला की पहिलं हॅलो भाऊजींचं येतं आणि मग तुझं-माझं सगळं बोलणं स्पीकरवर चालतं.

विषयही त्यांचाच आहे. काल तुझे पतिदेव दुकानात अवतरले. खांद्याला गिटार, डोळ्यांवर काळा चष्मा (ट्यूबलाइटखाली!), आणि चेहरा असा, की आम्ही सगळे सकाळपासून त्यांच्या स्वागताला ओळीने उभे आहोत. बसायच्या आधीच म्हणाले, “मेहुणीबाई, कॉम्पेन्सेटेड नट बसवायचाय.”

हा शब्द त्यांनी परवा कुठल्याशा व्हिडिओत ऐकला. पाऊण तासात तो बारा वेळा उच्चारला. मी मोजत होते, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. गिटारच्या मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, हाडाची एक बोटभर आडवी पट्टी असते. तिच्या सहा खाचांतून सहा तारा पुढे जातात. ती पट्टी म्हणजे नट. नाटकातला नट वेगळा. तो तुझ्या घरी आहे. अकरा वर्षं मी हे काम करते, आणि भाऊजी मला समजावून सांगत होते की नट कशाला म्हणतात. मी मान हलवत होते. ऐकून घेण्याची विद्या आपल्या घराण्यात आपण दोघींनीच कमावली.

एवढी निकड कशाची, तर त्यांच्या चौकडीत एक कीबोर्डवाली नव्याने आली आहे. चौकडी तुला माहीतच आहे: विमा कार्यालयातले चार साहेब, संध्याकाळी टाय सोडला की कलावंत. ती मुलगी तिसऱ्याच दिवशी म्हणाली, “सर, तुमची गिटार चढी लागतेय.” भाऊजींनी आधी तिचा कीबोर्ड दुरुस्तीला पाठवला. तो ठणठणीत परत आला. मग खोलीतल्या एसीला दोष दिला, मग तारांच्या कंपनीला, आता गाडी नटावर आली आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. भाऊजी तर अंगणही शेजाऱ्याचं शोधतात.

पण गंमत म्हणजे या खेपेला अंगण खरोखरच वाकडं निघालं.

मोकळ्या तारा, म्हणजे बोट न दाबता छेडलेल्या, सूर मोजायच्या यंत्रावर लावल्या की हिरवा दिवा लागतो. भाऊजींचं संगीत तिथेच संपतं. हिरवा दिवा लागला म्हणजे आपण सुरात, मग जगाने आपल्याला जुळवून घ्यावं. पण पहिल्या पडद्यावर, म्हणजे मानेवरच्या नटालगतच्या पहिल्या धातूच्या पट्टीशी, बोट दाबलं की सूर वर सरकतो. तिसरी तार तर अठरा सेंट चढी आहे, म्हणजे अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले अठरा भाग वर. नटाच्या खाचा उथळ राहिल्यात, त्यामुळे तारा उंच आहेत आणि दाबल्या की नको तेवढ्या ताणल्या जातात. कुणीतरी घाबरत घाबरत कापलेला नट आहे. नवशिक्याचं काम.

नवा मी हाडाचाच करतेय. खाचा हव्या तेवढ्या खोल, आणि प्रत्येक तारेखालची कड पुढे सरकवलेली, कुठे केसभर, कुठे जरा जास्त; भाऊजींचा ‘कॉम्पेन्सेटेड’ तो हाच. त्याने मोकळी तार आणि दाबलेली तार एकमेकींशी खरं बोलू लागतात. काम किचकट आहे, पण मला आवडतं. भाऊजी शनिवारी न्यायला येतील.

वाचनालयात गाण्याचा वर्ग निघतोय आणि तुला शिकवशील का विचारलंय, हे आईकडून कळलं. तू “माझा आवाज बेसूर आहे” म्हणून टाळाटाळ करतेयस, हेही कळलं. नऊ वर्षं गाणं शिकलेल्या बाईने असं म्हणावं, यावर मी काय बोलणार.

शटरचा रंग निळा आहे. कधीतरी बघून जा.

तुझी,
धाकटी


मंगळवार, ११ मार्च

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. वाचनालयाच्या कार्डामागे तीन ओळी: “गिटार चढी होती म्हणतेस. मग त्या समारंभाच्या दिवशीही होती का? पंधरा तारखेपर्यंत वर्गाला हो की नाही ते कळवायचंय, म्हणून विचारते.”

होती.

तेवढंच लिहून पाकीट चिकटवावं असं वाटलं होतं. तीन बसथांब्यांवर राहतेस, खरं तर येऊन तोंडावर सांगायला हवं. तेवढी हिंमत नाही, म्हणून लिहितेय.

अकरा वर्षांपूर्वीचा, भाऊजींच्या कार्यालयाचा वार्षिक समारंभ. भाऊजींच्या गिटारवर तू गात होतीस, पहिल्याच कडव्यात होतीस. भाऊजींनी वाजवणं थांबवलं, माइक स्वतःकडे ओढला आणि म्हणाले, “मॅडम, जरा वर या, खालीच राहिलात!” दोनशे माणसं हसली. भाऊजीही हसले, त्यांना वाटलं, आपण फार मोठा विनोद केला. तू पुन्हा सुरू केलंस, त्यांच्या चढ्या सुराला मिळवून घ्यायला गेलीस, आणि मग खरंच कुठल्याच सुरात राहिली नाहीस. त्यानंतर भांडी घासतानासुद्धा तुला गुणगुणताना मी ऐकलं नाही.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. दुसऱ्याच कॉर्डला मला कळलं होतं. तू मोकळ्या तारेचा सूर धरून गात होतीस आणि तोच खरा होता. तुझ्या गळ्याशेजारी ती गिटार वर वर पळत होती.

आणि मला ते इतक्या लवकर कळलं, कारण तो नट मी कापला होता.

दुकानात लागून मला सहाच आठवडे झाले होते. दुकान ज्यांचं होतं त्या मास्तरांनी बजावलं होतं, “वर्षभर नटाला हात लावायचा नाही.” ते गावाला गेले होते तेव्हा भाऊजी आले, तारा खरखरतात म्हणाले. घरचं गिऱ्हाईक, आणि मला मिरवायचं होतं. मी नवा नट करायला घेतला. खाच जास्त खोल गेली तर हाड फुकट जातं, मास्तरांना कळतं. म्हणून मी सगळ्या उथळच ठेवल्या. मोकळ्या तारा छेडून दाखवल्या, हिरवा दिवा लागला, भाऊजी खूश झाले. मीसुद्धा त्या हिरव्या दिव्याशीच थांबले होते. मागच्या पत्रात त्यांना त्यावरून हसले आणि वर ‘नवशिक्याचं काम’ असं लिहून मोकळी झाले, जणू तो नवशिका वाटेवरचा कुणी परका होता.

उभी राहून “थांबा, चूक गिटारची आहे” म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. मास्तरांच्या कानावर जाईल आणि नोकरी जाईल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण मास्तर तीन वर्षांनी वारले. पुढची आठ वर्षं मी कुणाला भीत होते, ते मला सांगता येणार नाही.

शनिवारी भाऊजी आले. नवा नट फार चांगला झालाय, हे मला सांगायलाच हवं. पहिल्या पडद्यापासून गिटार आता सुरात बोलते. त्यांनी वाजवून पाहिली, मान डोलावली. मी म्हटलं, आता बोलायचंच. सगळं सांगितलं. तो नट मी कापला होता, चूक माझी होती, आणि त्या दिवशी ताई अगदी सुरात होती. भाऊजींनी काळा चष्मा काढला. क्षणभर मला वाटलं, हा गृहस्थ आता माणसासारखं काहीतरी बोलणार.

म्हणाले, “म्हणजे माझं वाजवणं बरोबरच होतं! मी म्हणत नव्हतो?”

मग आवाज खाली आणून म्हणाले, “तिला मात्र सांगू नका हं. आता कशाला उगाच जुनं उकरायचं? तिला त्रास होईल.”

मी त्यांच्यावर तुटून पडणार होते. शब्द तयार होते, अकरा वर्षांचा साठा होता. पण मी गिटार पिशवीत घालून चेन ओढली. कारण ते वाक्य माझं होतं, ताई, शब्द न् शब्द. ‘आता कशाला, तिला त्रास होईल’, हे मी तुझ्या घरी येताना दरवेळी जिन्यात म्हणत आलेय. भाऊजींना ते शनिवारी सुचलं. मी त्यांच्यापेक्षा अकरा वर्षं पुढे होते.

त्यांच्याविषयीचं माझं मत जराही बदललेलं नाही, हे लिहून ठेवते. जाताना दारात वळून “शेवटी कान असावा लागतो,” असं म्हणून गेले. माणूस पोकळच आहे. पण त्यांना निदान चूक कळत नव्हती. मला कळत होती, आणि तरी त्या दिवशी सगळ्यांबरोबर मी टाळ्या वाजवल्या.

वर्गाचं तू ठरव. मी धीर द्यायला लिहीत नाही, मी मोजलेलं लिहितेय. जुना नट उतरवायच्या आधी सहाही तारा पहिल्या पडद्यावर पुन्हा तपासल्या. एकही तार खाली नव्हती, सहाच्या सहा चढ्या. तेव्हा ‘खालीच राहिलात’ हे जे तुला सांगितलं गेलं, ते खोटं होतं. तुझा कान आमच्या यंत्राहून चोख होता.

‘माफ कर’ असं मी लिहीत नाही. लिहिलं की तू लगेच करून मोकळी होशील, वर मलाच विचारशील की जेवलीस का. तुझी ती खोड आहे. तू सगळ्यांना फार लवकर माफ करतेस, म्हणून तर भाऊजींचं आणि माझं इतकी वर्षं फावलं. या खेपेला करू नकोस. दुकानात ये, गिऱ्हाइकं असतील तर असू देत, आणि जे बोलायचं ते मोठ्याने बोल.

वर या असं तुला सांगितलं जात असताना गप्प बसलेली,
धाकटी