दीडशे शब्दांची चौकट

अण्णा,

तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि इतकी वर्षं मी तुमचाच धंदा करते आहे हे मागच्या महिन्यापर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तुम्ही कर्जतच्या कचेरीबाहेर जांभळाखाली घडीचं टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहायचात. मी पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत, खालचा घरघराट ऐकत, संगणकावर लोकांचे अर्ज लिहिते. आमची संस्था छोटी आहे, आम्ही तिघंच. दरडीने, धरणाने, कशाने ना कशाने उठलेल्या वाड्या पुन्हा वसवण्यासाठी आम्ही मोठ्या ट्रस्टांकडे निधी मागतो. मी घरी हे काम ऐटीत सांगते. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "म्हंजे अर्जच लिवतेस ना गं?"

दहावीच्या सुट्टीत मी तुमच्या टेबलापाशी बसायचे तो उन्हाळा आठवतो. तुम्हाला आत साहेबांनी बोलावलं होतं आणि एक म्हातारेबाबा रेशनकार्डासाठी आले. मराठीत वर्गात पहिली असल्याची मस्ती होती मला. मी असा अर्ज लिहिला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. 'माझ्या घरात कमावते कोणी नाही', वगैरे. बाबांनी अंगठा उठवला आणि ते एसटी स्टँडकडे चालू लागले. तुम्ही आलात, पहिलाच प्रश्न विचारलात, "वाचून दाखवलास?" मी नाही म्हटलं. तुम्ही चपला घालायलाही थांबला नाहीत. त्या तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी धावत जाऊन बाबांना परत आणलंत, बाकड्यावर बसवलंत, पाणी दिलंत आणि माझा अर्ज सावकाश वाचलात. बाबा ऐकत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरगी कमावते की माजी, वीटभट्टीवर. तिला कागदातनं कशाला पुसलीस?" तुम्ही कागद फाडलात आणि नवा लिहिलात. त्याखाली नेहमीची ओळ घातलीत, 'अर्ज वाचून दाखवला, मजकूर कबूल', आणि मगच अंगठा घेतलात. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांचे अर्ज लिहीत बसलात. घरी आईने भाकरी वाढली तेव्हा एवढंच म्हणालात, "त्येचा अर्ज होता तो. तुजा निबंध नव्हता." मला फार राग आला होता. इतका चांगला लिहिलेला कागद फाडला याचा.

आता माझं ऐका. खालापूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक ठाकरवाडी होती. काही वर्षांपूर्वी श्रावणात, सकाळी चुली पेटलेल्या असताना, वाडीच्या डोक्यावरचा कडा सुटला. जी माणसं वाचली ती तेव्हापासून खाली सपाटीला पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. सरकारने जागा दिली, घरांसाठी निधी उभा करायचं आमच्या अंगावर आलं. ट्रस्टच्या इंग्रजी फॉर्मवर एक चौकट असते: एका लाभार्थीची गोष्ट लिहा, दीडशे शब्दांत. एकशे एक्कावन्नावा शब्द टाकला की चौकट लाल होते आणि फॉर्म पुढे सरकतच नाही. मी वाडीतल्या एका बाईची गोष्ट निवडली. ती त्या सकाळी तान्ह्या मुलाला घेऊन खाली पळाली, त्याला देवळाच्या ओट्यावर दुसऱ्या बाईच्या मांडीवर ठेवलं, आणि सगळे ओरडत असताना परत वर गेली. मोडलेल्या घरातून सासूला ओढून काढलं, पाठुंगळी मारून खाली आणलं. सासू पुढे आठ दिवस सरकारी दवाखान्यात होती. हीच तिला पेज भरवत होती. नवव्या दिवशी म्हातारी गेली.

माझ्या चौकटीत हे मावेना. मी कापत गेले. दवाखाना गेला, पेज गेली, देऊळ गेलं. शेवटी उरलं ते असं: ती आपल्या मुलाला घेऊन खाली आली; सासूला मात्र ती वाचवू शकली नाही. यात एक अक्षर खोटं नाही, अण्णा. आणि कुणाला वाचून दाखवायचा तर प्रश्नच नव्हता, इंग्रजीत होतं, मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मला ते सुचलंसुद्धा नाही, हे जास्त खरं.

निधी मिळाला. मागच्या महिन्यात नव्या घरांच्या भिंती उभ्या राहिल्या म्हणून छोटा कार्यक्रम केला. ट्रस्टकडून एक पाहुणे आले, भला माणूस. त्यांनी हौसेने माझा परिच्छेद मराठीत करून आणला होता, आणि समोर सगळी वाडी बसलेली असताना त्या बाईचं नाव घेऊन तो वाचला. 'सासूला मागे सोडून तिला यावं लागलं', असं त्यांच्या मराठीत झालं. त्यांचा काय दोष? मूळ वाक्यातून दुसरं काय निघणार होतं? वाडीतल्या लोकांना खरं ठाऊक होतं, ते एकमेकांकडे बघू लागले. पण त्या दिवशी तिची नणंद आली होती, कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या बाजूला दिलेली. दरड कोसळली तेव्हा ती तिथे नव्हती; आईला दवाखान्यात तिने पाहिलं, पण वरून कुणी आणलं ते तिला ऐकूनच माहीत. ती उठली, वहिनीकडे एकदा बघितलं आणि जेवायला न थांबता निघून गेली.

ती बाई माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले तेव्हा ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, मी परत गेलते. त्ये का नाय लिवलं?" मी शब्दांच्या मर्यादेचं सांगू लागले आणि माझीच मला लाज वाटली. ती म्हणाली, "माज्या नणंदंला सांगा तुमी. माजं ऐकत नाय ती."

मी गेले. नणंदेने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. तिच्या भावाने आणि वाडीतल्या चार जणांनी तिला आधीच सांगितलं होतं, तरी ती म्हणाली, "त्ये सगळं तिच्याच बाजूचं. कागदावर तर येगळंच हाय. आदी कागद बदला, मंग मी भावाच्या दारात पाय ठेवीन." तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आपल्या आईबद्दलच बोलणं होतं ते.

कागद बदलायचा तर ट्रस्टला कळवायला हवं की गोष्ट अर्धी लिहिली गेली. ती त्यांच्या अहवालात छापली आहे, त्यांच्या वेबसाइटवर त्या बाईच्या फोटोखाली आहे. दुसरा हप्ता यायचा आहे आणि त्यातून छपरं व्हायची आहेत, तिच्या घराचंही. एकदा चूक कबूल केली की बाकीचा अर्जही तपासायला काढतील, काम अडेल, पाऊस तोंडावर आहे. आमच्या संस्थेतल्या दोघांना मी हेच सांगितलं आणि त्यांना पटलं. त्या बाईला सांगितलं तेव्हा ती सुपातली सुकट हलवत राहिली. तिच्या मुलाला सुट्टीत आपल्याकडे न्यायला आत्या यंदा आली नाही, हे मला तिच्या शेजारणीकडून कळलं.

हे कारण खरं आहे, पण पुरतं नाही. तुमच्यापुढे लपवून काय करू? ट्रस्टच्या त्या पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आलेल्या सगळ्या अर्जांत माझा तो परिच्छेद सर्वांत चांगला होता, त्याच्यावरच निर्णय झाला. तो मी अजून अधूनमधून उघडून वाचते. झालं ते सगळं झाल्यावरही मला तो आवडतो. 'ती परत गेली' हे त्यात घातलं की शेवटचं वाक्य ढिलं पडतं, मी घालून बघितलं आहे.

आज सकाळी ट्रस्टला ती मेल लिहायचीच म्हणून बसले होते. दोन ओळींचं काम होतं. त्याऐवजी तुम्हाला हे एवढं लिहिलं.