समुद्राची पूर्वतयारी

६ ऑक्टोबर १९८५, रविवार
दादारावच्या बागेत संत्र्यांच्या पेट्यांत घालायला रद्दी आली होती. त्यात एक इंग्रजी मासिक सापडलं. एक गोरा फळीवर उभा, मागे घराएवढी लाट. याला सर्फिंग म्हणतात. ही मंडळी किनाऱ्यावरच राहतात, पहाटे उठून लाटा बघतात, नोकरी करत नाहीत. मी यांच्यातलाच. तहसील कचेरीत चुकून आलो.
निश्चय: रोज पाचला उठणे. सर्फर होणे.

७ ऑक्टोबर, सकाळी ८.४०
आत्ता उठलो. सर्फर भरती बघून उठतो. आमच्या नागपूरजवळच्या सौंसरला भरती किती वाजता असते, कुणालाच माहीत नाही.

१३ ऑक्टोबर
शकुंतलाने पुन्हा विषय काढला. विहारातल्या बायका सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर चालल्या आहेत. मागेच समुद्र आहे, आपणही जाऊ म्हणते. लग्नाच्या वर्षी मी तिला समुद्र दाखवतो म्हणालो होतो, त्याला चौदा वर्षं झाली. दरवर्षी काहीतरी निघतं. निवडणूक, जनगणना, माझी कंबर. तिला समजावलं, की तयारीशिवाय समुद्रावर जाणं अडाणीपणाचं आहे. तिला म्हणे फक्त पाय बुडवायचे आहेत. बायकोला महत्त्वाकांक्षा नाही.

२० ऑक्टोबर
तुळशीराम सुताराकडून फळी करून घेतली. सहा फूट, अस्सल सागवान. त्याने विचारलं, कडी कोणत्या बाजूला लावू? उचलायला दोघं लागले. चित्रातला गोरा एका बगलेत घेऊन चालतो. खुराक बघायला हवा.

२७ ऑक्टोबर
फळीला मेण घासतात (चित्र तिसरं). घरातल्या सगळ्या मेणबत्त्या घासल्या. संध्याकाळी लाइट गेली. शकुंतलाने अंधारात भाकरी थापल्या. बोलली काहीच नाही, म्हणजे तिला पटून राहिलं आहे.

१० नोव्हेंबर
तलावावर पहिला सराव. लाट नव्हती. दादारावच्या म्हशी उतरल्या तेव्हा थोडी आली. फळीवर पूर्ण दोन मिनिटं उभा राहिलो. पाणी घोट्याएवढं होतं आणि फळी तळाला टेकली होती हे खरं, पण उभा राहिलो. पुढे पाणी गुडघ्याएवढं आहे. गेलो नाही. आधी पाया पक्का हवा.

१८ नोव्हेंबर
कचेरीत जाहीर केलं. हेडक्लार्क भैय्याजींनी विचारलं, पोहता येतं का? अभ्यास नसला की असे प्रश्न सुचतात. सर्फर पाण्यावर असतो, पाण्यात नव्हे.

२५ नोव्हेंबर
शकुंतलाने परस्पर दोघांची नावं दिली. मी म्हटलं, दादरची लाट किरकोळ, पुढच्या वर्षी मोठ्या लाटेवर नेतो. विहारातल्या यमुनाबाई तिला म्हणाल्या, भाऊजी नाही आले तरी तू चाल. मग होकार दिला. अकरा बायका समुद्रावर जाणार, सोबत एक जाणकार हवाच.

४ डिसेंबर
नागपूरच्या बसवाल्याने फळी टपावर घेतली नाही. मी फार आग्रह केला नाही.

६ डिसेंबर, दादर, संध्याकाळ
सकाळपासून रांगेत. एवढी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. बाबासाहेबांना अभिवादन केलं. शकुंतला रडली. मीही रडलो.
मग समुद्र. बायका पाण्यात गेल्या. मी चपला राखायला थांबलो. शकुंतला गुडघाभर पाण्यातून परत आली, माझा हात धरला आणि ओढू लागली. मी ओहोटी सांगितली, वाऱ्याची दिशा सांगितली, फळी नसल्याचं सांगितलं. ती हात सोडेना. तेवढ्यात एक लाट आमच्या पायांशी आली. मी हात सोडवून पळालो आणि चपलांच्या ढिगावर पडलो.
बायका हसल्या. ती हसली नाही. म्हणाली, "चौदा वर्सं मी समजून राहिली का तुमाले मले न्याचंच नाही. तुमी तं भेऊन राहिले होते. तेवढं सांगतलं असतं, तं मी एकटी आली असती."
आणि पुन्हा पाण्यात गेली. मागे वळून पाहिलं नाही.
लाटेची उंची लिहून ठेवायची असं ठरवलं होतं. घोट्याएवढी होती.