नकाशामागचं कापड

आई,

तुझ्या हातचं एक काम माझ्या टेबलावर पालथं पडलंय आणि मी ते सोडवायला बसलेय. रागावू नकोस, आधी ऐकून घे. जुने कागद दुरुस्त करणं हा आता माझा धंदा आहे. परवा नवीन पनवेलमधले एक निवृत्त कॅप्टन सागरी नकाशा घेऊन आले, मुंबई बंदराच्या तोंडापासून आपल्या खाडीपर्यंतचा. मागचं मांजरपाट आणि कडेची तुझी नेहमीची हिरवी फीत बघितली आणि मी तुला ओळखलं. ते म्हणाले, "मॅडम, हा गेलाच आता. स्कॅन करून नवा प्रिंट काढतो, हा टाकून द्या." मी म्हटलं, "टाकायचा नाही. मी करते."

मुंबईच्या दुकानातून असे नकाशे यायचे. बोटीवर उलगडून-गुंडाळून फाटू नयेत म्हणून तू त्यांना मागून कापड लावायचीस. स्वयंपाकघरातली भांडी बाजूला सारलेली, फरशीवर नकाशा पालथा, तुझ्या हाताला मैद्याची खळ. मी शाळेतून येते, ओल्या कागदावर सुरकुती दिसते, म्हणून टोक धरून ताणते. मनगटावर फटका बसतो. "वढू नको गो, दर्या लांबल! तुज्यामुले कुनाची बोट खडकावं चढंल." तेव्हा मी फिदीफिदी हसले होते. पण ओला कागद खरंच वाढतो गं, आणि त्याच्यासोबत नकाशावरचे मैलही.

काय देखणा आहे हा नकाशा! पाण्यात पेरलेल्या प्रत्येक बारीक आकड्यामागे होडीतून शिशाचं वजन दोरीने सोडणारा कुणीतरी आहे. वजनाच्या बुडाला चरबी फासायची, म्हणजे तळाचा चिखल की वाळू ते चिकटून वर येतं. मग कुणीतरी ते सगळं छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर उलटं कोरलं. डोंगर खलाशाला दिसतील तेवढेच. आपण गच्चीवरून बघायचो तो कर्नाळ्याचा सुळका इथे समुद्रावरून ओळखायची खूण आहे.

अडचण तुझ्या खळीत आहे. कसर लागू नये म्हणून तू तिच्यात मोरचूद घालायचीस, आणि त्याचा तुला कोण अभिमान! कसर लागली नाही, पण इतक्या वर्षांत मोरचुदानेच कागद खाल्ला. पापडासारखा झालाय. तुझं काम राखलं तर नकाशा जातो. मी नकाशा राखणार आहे. सकाळपासून ओला टीपकागद ठेवून बोट-बोटभर कापड सुटं करतेय. जेवायलाही उठले नाही. एक कोपरा राहिलाय, तो भिजेपर्यंत हे लिहिलं.

निघालं. अख्खं कापड निघालं, नकाशाला कुठे ओरखडाही नाही.

वाटलं होतं, ते हातात आल्यावर रडू येईल. आलं नाही. उलट खोलीत एकटीच मोठ्याने हसले. हे पत्र मी तुझ्या फोटोसमोरसुद्धा वाचणार नाही, कारण त्या क्षणी मनात आलं ते एवढंच: आई, माझा हात तुझ्यापेक्षा हलका आहे.